ट्रॉली जोडल्याने परवाना बाद होत नाही

ट्रॅक्टर हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतो, पण त्याला ट्रॉली जोडताच तो परवाना निरुपयोगी ठरतो आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते, असा समज गावोगावी वर्षानुवर्षे पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 2(21) नुसार ज्या ट्रॅक्टरचे रिकामे वजन 7,500 किलोपेक्षा अधिक नाही, तो हलके मोटार वाहनच आहे. ट्रॅक्टरचा वैध परवाना असलेल्या चालकाने ट्रेलर जोडला म्हणून तो परवाना निष्प्रभ होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नागशेट्टी प्रकरणात 2001 मध्येच स्पष्ट केले. पुढे 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 7,500 किलोपेक्षा कमी एकूण वजनाच्या मालवाहू वाहनासाठीही हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा मानला. धोकादायक माल वाहणारी वाहने मात्र यात येत नाहीत.

परवान्याची काळजी करताना खरी त्रुटी नजरेआड होते, हे मला अधिक गंभीर वाटते. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच असल्याने त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि मागच्या फळीवर क्रमांक नसलेली, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेली, उसाने काठोकाठ भरलेली ट्रॉली अंधारात मागच्या दुचाकीस्वाराला दिसतच नाही. नोंदणीपत्रातील मर्यादेपेक्षा जास्त भार भरल्यास कलम 194 नुसार 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे.