तपासाचे जोडीदार (दूरचित्रवाणी गुन्हेकथा)

गुन्हेगारी मालिकेत एकाच गुन्ह्याचा माग काढणारे दोन पोलीस किंवा गुप्तहेर, आणि त्यांच्यातला बहुधा बोलून न दाखवलेला भावनिक ताण. ही प्रेमकथाच असते असे नाही. मैत्री, हेवा, संशय, एकमेकांवर जीव टाकण्याची तयारी आणि तरीही मनातले लपवणे, हे सारे त्यात येते. खून एका भागात उलगडतो, जोडीचे कोडे मात्र वर्षानुवर्षे सुटत नाही. प्रेक्षक बांधला जातो तो या दुसऱ्या कोड्याला.

जोडीचा साचा छापील रहस्यकथेतून आला. 1887 मध्ये होम्ससोबत वॉटसन अवतरला आणि एक हुशार, दुसरा साक्षीदार अशी वाटणी रूढ झाली. दूरदर्शनवरच्या करमचंद-किटी (1985) आणि ब्योमकेश-अजित (1993) या जोड्या त्याच वाटेने गेल्या. त्यांत गोडवा आहे, ताण जवळजवळ नाही, कारण एकाचा वरचष्मा दुसऱ्याला मान्य आहे. दोघे बरोबरीचे झाले की ताण सुरू होतो.

अमेरिकेत ‘मूनलायटिंग’ (1985–89) या मालिकेने हे ठळकपणे दाखवले. त्यातले खासगी गुप्तहेर मॅडी आणि डेव्हिड सतत भांडत आणि लोक ते भांडण पाहायला बसत. 1987 मध्ये दोघे एकत्र आले आणि पुढे मालिकेची पकड सैल झाली. तेव्हापासून ‘जोडी जुळली की मालिका संपली’ असा समज लेखकांत पसरला. तो अर्धाच खरा आहे. चित्रीकरणाचा सततचा विलंब, नायिकेचे काम करणाऱ्या अभिनेत्रीचे गरोदरपण आणि 1988 चा लेखकांचा संप यांचाही मालिकेला फटका बसला होता. ‘कॅग्नी अँड लेसी’ने (1982–88) दोन स्त्री अधिकाऱ्यांची जोडी आणली. एक संसारी, दुसरी एकटी आणि दारूशी झगडणारी. प्रणयाशिवायही जोडीत किती खोल ताण असू शकतो, याचा त्याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मराठी घरांत हा विषय पोचला तो मुख्यतः ‘सीआयडी’मुळे (1998). दया आणि अभिजीत यांच्यात हुद्द्याची दरी नाही. अभिजीतची हरवलेली स्मृती मात्र संशयाला कायम जागा देते. डिसेंबर 2024 मध्ये मालिका परतली तीही याच दोघांना एकमेकांसमोर उभे करून.

सातारा जिल्ह्याच्या मातीतली गोष्ट सांगणारी ‘देवमाणूस’ (झी मराठी, 2020–21) जोडीचा साचाच उलटवते. इथे तपास करणारी एसीपी दिव्या सिंग आणि संशयित डॉक्टर यांच्यातच जवळीक वाढते, ती लग्नाच्या गोष्टीपर्यंत जाते. ज्याचा माग काढायचा त्याच्याबद्दल मन ओढ घेते, तेव्हा वर्दी आणि माणूस यांची फारकत होते. मालिकेतली खरी घट्ट जोडी मात्र गुन्ह्याच्या बाजूला आहे. डॉक्टर आणि त्याची साथीदार डिंपल यांच्यात विश्वास, धाक, लोभ सगळे आहे, आणि तपासाच्या बाजूला तेवढ्या वजनाचे दुसरे माणूस नाही. लेखकांनी हे जाणूनबुजून केले असो वा नसो, भीती वाढते ती यामुळेच.

अशी कथा साताऱ्यात बेतायची तर काही गोष्टी आपोआप बदलतात. परदेशी मालिकांत जोडीचे मन गाडीत उघडते, कारण गाडीत दोघेच असतात. इथे पोलीस गाडीला बहुधा वेगळा चालक असतो, साहेब त्याच्या शेजारी, बाकीचे मागे. पसरणीचा घाट चढताना मनातले बोलायचे तर तिसरे कान हजर. मग बोलणे तपासाचे होते आणि अर्थ दुसराच राहतो. पोवई नाक्यावर दोघांनी चहा घेतला तर संध्याकाळपर्यंत पोलीस वसाहतीत त्याची चर्चा. शिवाय स्थानिक गुन्हे शाखेत, म्हणजे रोजच्या भाषेत एलसीबीत, कायमची ठरलेली जोडी अशी नसते. पथक असते, तपासी अंमलदार असतो आणि वर हुद्द्यांची उतरंड. आज पीएसआय बरोबर, उद्या हवालदार. भरीला बंदोबस्त असतो. पालखी लोणंद-फलटणच्या वाटेवर आली की अर्धवट राहिलेले भांडणही तसेच टाकून उभे राहावे लागते. आणि शेवटी बदली. मराठी लेखकाला विरहासाठी गोळीबार लागत नाही, बदलीचा आदेश पुरतो.

मराठीकडे आणखी एक हत्यार आहे, ते फार थोड्या मालिकांनी वापरले आहे: ‘तुम्ही’ आणि ‘तू’. ‘साहेब’, ‘मॅडम’ म्हणत वर्षभर वावरलेल्या दोघांपैकी एकाच्या तोंडून धावपळीत ‘अगं, मागं हो’ निघून जाते. दोघांनीही ते ऐकलेले असते. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या वेळी पुन्हा ‘मॅडम, सही करा’ सुरू होते, आणि त्या ‘करा’मध्ये आदल्या रात्रीचे सगळे येते.