वास्तववादी कथेचे अध्यापन (मराठवाडा)

घडलेली नसली तरी घडू शकेल अशी, ओळखीच्या जगातल्या माणसांची कथा विद्यार्थ्यांना वाचायला आणि लिहायला शिकवणे. अशा कथेतली पात्रे व प्रसंग कल्पित असतात. मात्र त्यांचे वागणे, बोलणे, अडचणी आणि अडचणीतून निघणारी वाट वाचकाला पटावी लागते. बोधकथेहून ती वेगळी आहेच, पण अनुभवकथनाहूनही वेगळी आहे. मराठी शाळांत तिला दोन ठिकाणी जागा मिळते : भाषेच्या पुस्तकांतले कथापाठ आणि माध्यमिक वर्गांच्या उपयोजित लेखनातले कथालेखन.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातले माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून होते. 1948 नंतर मराठी शाळा वाढल्या. औरंगाबादला 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय व 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि शिकलेली ग्रामीण पिढी आपल्या गावाबद्दल लिहू लागली. रा. रं. बोराडे, भास्कर चंदनशिव, आसाराम लोमटे हे या प्रदेशाचे महत्त्वाचे कथाकार. लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यामुळे इथल्या शिक्षकाला नमुन्याच्या शोधात लांब जावे लागत नाही.

वाचनाचा भर पात्राच्या कृतीवर हवा. चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’मध्ये बाजारात भाव कोसळल्यावर शेतकरी स्वतःच्या हाताने पिकवलेले टोमॅटो पायाखाली तुडवतो. ‘या कथेतून काय बोध मिळतो?’ असे विचारले की वर्गातून ठरलेली उत्तरे येतात. ‘तो टोमॅटो फुकट वाटून का टाकत नाही?’ असे विचारले की मुले पुन्हा पुस्तकात डोके घालतात. कष्ट, अपमान, राग हे शब्द मग मुलांच्याच तोंडून येतात.

लेखनात अडथळा येतो तो मुद्द्यांवरून गोष्ट लिहिण्याच्या सवयीचा. दुष्काळ, टंचाई, प्रामाणिक मुलगा, बक्षीस, तात्पर्य अशी वाट मुलांना पाठ असते. ती सुटण्यासाठी विषय लहान करावा लागतो. ‘दुष्काळात लोकांचे खूप हाल झाले’ या वाक्यात कोणी माणूस नाही. त्याऐवजी एखादी मुलगी लिहिते : ‘टँकर आला तशी सुमननं शेजारच्या म्हातारीची घागर मागं सरकवली आणि तिथं आपली कळशी ठेवली.’ इथे कथा सुरू झाली. सुमनला कोणी पाहिले का, म्हातारी काय म्हणाली, रात्री ते पाणी पिताना सुमनला काय वाटले, हे प्रश्न आता लिहिणारीलाच पडतात. शेवट मात्र तिच्याच वागण्यातून निघाला पाहिजे. ऐनवेळी पाऊस पडला किंवा कलेक्टर आले आणि सगळे सुरळीत झाले, तर कथा हातची गेली.

बोलीचा प्रश्न इथे फार जिव्हाळ्याचा आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत हा रूढ तोडगा आहे, तरी तो बंधनकारक नाही. बोराड्यांची ‘पाचोळा’ (1971) ही कादंबरी शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत येते. ‘कामून (का) आलास?’ किंवा ‘हे मपलं (माझं) हाय’ असे पात्र बोलत असेल, तर शिक्षकाने त्यावर लाल शाई चालवू नये. तिथे मूल चुकलेले नसते. ते नीट ऐकून लिहीत असते.

लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. नाव बदलले तरी घर ओळखू येते. म्हणून दोन-तीन माणसांचे गुण एका पात्रात मिसळायला, प्रसंगाची जागा बदलायला शिकवणे गरजेचे ठरते. कर्जापायी घरात आत्महत्या झालेल्या मुलाकडून तोच विषय लिहून घेणे तर क्रौर्यच. काय लिहायचे आणि काय मनात ठेवायचे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.

बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की टोळ्यांबरोबर काही मुलेही कारखान्यांच्या भागात जातात, काही गावीच हंगामी वसतिगृहात राहतात. कोयता, उचल (आगाऊ घेतलेले पैसे), मुकादम, पहाटे भरली जाणारी बैलगाडी हे जग या मुलांना शिक्षकापेक्षा बारकाईने माहीत असते. हंगामात कथा अर्धी राहते, हे गृहीत धरून वही शाळेत जपून ठेवावी आणि मूल परतल्यावर पुढचा मजकूर लिहून घ्यावा. पूर्ण झालेल्या कथांना शाळेच्या हस्तलिखितात किंवा भित्तिपत्रकात जागा मिळते, आणि गाव तिथेच त्या वाचते.