मेडिआ: मुळातच बदललेली गोष्ट

रंगभूमीवर कुणी 'मेडिआ' ही ग्रीक शोकांतिका नव्याने लिहिली की 'मूळ कथेची मोडतोड' ही तक्रार येतेच. पण ज्याला आपण मूळ म्हणतो, तेही एका नाटककाराचं फेरलेखनच आहे.

इ.स.पू. 431 मध्ये अथेन्सला, डायोनिसस देवाच्या उत्सवातल्या नाट्यस्पर्धेत युरिपिडीसने 'मेडिआ' सादर केलं. मेडिआ म्हणजे नवरा जेसन या ग्रीक वीरासाठी माहेर आणि देश सोडून आलेली, काळ्या समुद्राकाठच्या कोल्किसची राजकन्या. तो कॉरिंथ या ग्रीक नगराच्या राजाचा जावई व्हायला निघतो आणि सूड म्हणून ती पोटच्या पोरांचा जीव घेते. याआधीच्या काही कथांत मात्र मुलांना मारतात ते कॉरिंथचे लोक. आईच्या हाती सुरी दिली ती युरिपिडीसनेच, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. कॉरिंथकरांनी त्यासाठी त्याला पाच टॅलंट (म्हणजे मोठीच रक्कम) चारल्याची वदंता नाटकावरच्या एका प्राचीन भाष्यात सापडते. खरी नसावी, पण झकास आहे! स्पर्धेत हे नाटक तिसरं, म्हणजे शेवटचं आलं. मेडिआ, त्या काळच्या रीतीप्रमाणे, पुरुष नटाने रंगवली होती.

एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन रणात उभं राहणं परवडलं, असं ही मेडिआ कोरसमधल्या बायकांना सांगते. 1907 मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात गिल्बर्ट मरे यांच्या इंग्रजी भाषांतराचा प्रयोग झाला, तेव्हा तिथे स्त्रियांच्या मताधिकाराचा लढा तापला होता. मताधिकारवाद्यांच्या सभांतही मग हे भाषण म्हटलं जाऊ लागलं. अडीच हजार वर्षं जुन्या संवादाला यापेक्षा चांगली दाद कुठली मिळणार?

राजाज्ञा मोडून भावाचे अंत्यसंस्कार करणारी अँटिगनी ही दुसरा ग्रीक नाटककार सोफोक्लिस याची नायिका; तिची वाट वेगळी, जास्त उघडपणे राजकीय. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये 1944 साली झाँ अनुई यांची अँटिगनी रंगमंचावर आली. 1973 मध्ये दक्षिण आफ्रिकेत अॅथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्चोना यांनी 'द आयलंड' या नाटकात दोन कैद्यांना तुरुंगातच 'अँटिगनी' करायला लावलं.

मेडिआच्या बाबतीत विसाव्या शतकात प्रश्न बदलला. ती क्रूर का झाली, यापेक्षा तिला परकी कोणी ठरवलं, याकडे लेखक वळले. जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ यांनी 1996 च्या कादंबरीत खुनाचा आळ पुन्हा कॉरिंथकरांवर टाकला. स्कॉटलंडच्या लिझ लॉकहेड यांनी 2000 साली ग्लासगोतल्या नाटकात मेडिआचा गुन्हा तसाच ठेवला, पण कॉरिंथकरांच्या तोंडी स्कॉट्स बोली घातली. मेडिआचं इंग्रजी तेवढं परदेशी वळणाचं. तिने तोंड उघडताच ती इथली नाही, हे प्रेक्षकांना कळत होतं.