एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाचा, संगणक बंद पडला की विमानं पडतात?

‘जमिनीवरचा संगणक बंद पडला की आकाशातली विमानं पडतात,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती वाटणं साहजिक आहे. पण विमान उडवतात वैमानिक आणि विमानातलीच यंत्रणा. एटीसीचा संगणक उड्डाणाआधी आलेला फ्लाइट प्लॅन, म्हणजे मार्ग, उंची, वेळ, रडारवरच्या ठिपक्याशी जुळवून नियंत्रकापुढं ठेवतो. तो बंद पडला तर नियंत्रक रेडिओवर बोलत राहतात, विमानांमधलं अंतर वाढवतात, नवी उड्डाणं रोखतात. खोळंबा मात्र भरपूर होतो!

उंचीची शिस्तही आधीच ठरलेली असते. लातूर-बीडवरून विमान जाताना मोबाइलवर फ्लाइट ट्रॅकर, म्हणजे विमानांची जागा आणि उंची दाखवणारं अ‍ॅप, उघडून बघा. पूर्वेकडं जाणारं बहुधा ३३, ३५ अशा विषम हजार फुटांवर दिसेल, पश्चिमेकडं जाणारं ३४, ३६ अशा सम हजारांवर. चढणारी-उतरणारी विमानं यात धरू नका.