रेइश मागूश: वर किल्ला, पायथ्याला चर्च

पणजीत मांडवीच्या काठावर उभं राहून समोर पाहिलं, की पलीकडच्या वेरें गावाच्या बाजूला झाडीतून एक पांढरंशुभ्र चर्च दिसतं आणि त्याच्या डोक्यावर जांभ्याची काळपट तांबडी तटबंदी. बहुतेक पर्यटक किल्ला पाहून परततात आणि चर्चमध्ये येतात ते रविवारच्या प्रार्थनेला येणारे गावकरी. माझ्या मते या दोन वास्तू वेगळ्या काढून पाहिल्या, तर दोन्ही अर्ध्याच कळतात.

1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला, म्हणजे मुख्यतः तिसवाडी बेट. उत्तरेचा बारदेश पोर्तुगीजांच्या हाती कायमचा आला तो 1543 मध्ये. त्याआधी या टेकडीवर आदिलशाहीची चौकी होती, आणि जागा हेरणाऱ्याला दाद द्यावी लागते. समुद्रातून आत शिरलेली मांडवी इथे एकदम अरुंद होते. जुन्या गोव्याच्या राजधानीकडे निघालेल्या प्रत्येक गलबताला या टेकडीवरच्या तोफांच्या टप्प्यातूनच जावं लागे. 1551 मध्ये व्हाइसरॉय आफोंसो द नोरोन्या याच्या कारकिर्दीत इथे पोर्तुगीज किल्ला उभा राहिला आणि चारच वर्षांनी, 1555 मध्ये, पायथ्याशी चर्च आलं.

बारदेशात धर्मप्रसाराचं काम फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंकडे होतं आणि बारदेशातलं हे पहिलं चर्च त्यांचंच. शेजारी त्यांचं विद्यालयही होतं. बाळ येशूला भेटवस्तू घेऊन आलेल्या गास्पार, मेल्किओर आणि बाल्ताझार या तीन राजांच्या नावाने हे चर्च अर्पण केलेलं आहे. पोर्तुगीजांच्या बोलीत हे तिघे ‘रेइश मागूश’. किल्ल्याला आणि गावालाही पुढे हेच नाव चिकटलं.

चर्चपुढच्या उंच पायऱ्या चढण्याआधी मात्र खाली थांबावं. तिथे दगडात कोरलेले सिंह आहेत. युरोपीय कारागिराचा हात त्यांत दिसत नाही. ते विजयनगरच्या वळणाचे, देवळाच्या पायरीशी असावेत तसे. इथे पूर्वी देऊळ होतं असं मानतात, आणि त्या काळी बारदेशातली देवळं कशी पाडली गेली हे ठाऊक असलेल्याला या सिंहांवरून नजर सहज उचलता येत नाही. वर दर्शनी भिंतीवर पोर्तुगालचं राजचिन्ह, खाली हे सिंह. इतिहासाचं पुस्तक न उघडताही सोळावं शतक इथे एका नजरेत दिसतं. आत मुख्य वेदीवर लाकडात कोरलेला रंगीत देखावा आहे: तीन राजे आणि बाळ येशू.

दोन्ही वास्तूंचा दगड एकच, जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, सहज चिरता येतो आणि हवा लागली की कडक होतो. पण उघडा ठेवला तर कोकणातला पाऊस त्याला खातो. म्हणून चर्चला चुन्याचा गिलावा आणि वर पांढरी सफेदी. किल्ल्याच्या भिंती टेकडीच्या चढाला धरून पायऱ्यापायऱ्यांनी वर जातात, तळाशी रुंद आणि वर निमुळत्या. कोपऱ्यांवर भिंतीबाहेर डोकावणाऱ्या घुमटीदार गोल पहारा-चौक्या आहेत. तिथे उभं राहिलं, की पलीकडचा काठ हाताला लागेलसा वाटतो.

1612 मध्ये नदीच्या मुखाशी आग्वाद किल्ला बांधला गेला आणि रेइश मागूशकडे दुसऱ्या फळीचं काम आलं. तरी मान गेला नाही. पोर्तुगालहून येणारे आणि परत निघालेले व्हाइसरॉय इथे मुक्काम करत. त्यांच्यातला लुईश द आताईद याची समाधिशिला चर्चमध्ये आहे. 1570 मध्ये आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने आजच्या रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हा पोर्तुगीजांकडे असलेल्या चौलला एकाच वेळी वेढा घातला, तेव्हा चौल सोडून द्या असा सल्ला धुडकावून तिकडे मदत पाठवत राहिला तो हाच. दोन्ही वेढे उठले. चौलच्या पडक्या तटात फिरलेल्या माणसाने ही शिला जरूर पाहावी.

मराठ्यांशी खरी गाठ पडली 1739 मध्ये. मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याच साली सावंतवाडीकर भोसल्यांनी बारदेश व्यापला, पण आग्वाद आणि रेइश मागूश हे दोन किल्ले त्यांच्या हाती लागले नाहीत. त्यामुळे नदीचं तोंड पोर्तुगीजांकडेच राहिलं आणि 1741 मध्ये बारदेशही त्यांनी परत मिळवला. वसईच्या किल्ल्यात आज छप्पर उडालेल्या चर्चच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. इथलं चर्च नांदतं राहिलं, यामागे त्या एका सालाचा वाटा मोठा आहे.

पुढे 1799 ते 1813 इंग्रज फौज इथे होती. नंतर लष्कराला किल्ल्याची गरज उरली नाही आणि त्याचा तुरुंग झाला. गोवा मुक्त झाल्यावरही तो तुरुंगच राहिला, थेट 1993 पर्यंत. मग झाडं उगवली, छपरं खचली. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी पुढाकार घेतला. गोवा सरकार, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि ब्रिटनमधला हेलन हॅमलिन ट्रस्ट एकत्र आले. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी काम हाती घेतलं आणि 2012 मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला. मारिओ त्याआधी काही महिने, डिसेंबर 2011 मध्ये गेले. त्यांची चित्रं आता किल्ल्यातल्या दालनात आहेत.

चर्चला या सगळ्या काळात असं कुणी पुन्हा उघडावं लागलं नाही. दरवर्षी 6 जानेवारीला गावातली तीन मुलं डोक्यावर मुकुट घालून राजे होतात, मिरवणुकीने चर्चकडे येतात आणि त्याच सिंहांजवळून पायऱ्या चढतात.