हवेशी भांडण : घरगुती वाइनच्या सामानामागचा इतिहास

घरी वाइन करणाऱ्याकडे सामान फार नसतं. झाकणाची बादली, चिंचोळ्या तोंडाची काचेची मोठी बरणी, एअरलॉक (बरणीच्या तोंडावर बसवायची, थोडं पाणी भरलेली वाकडी नळी), सायफनची नळी, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं उपकरण), सल्फाइटच्या म्हणजे जंतू रोखणाऱ्या गंधकाच्या संयुगाच्या गोळ्या, बाटल्या आणि बुचं. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतंच, त्यामुळे रस आंबवायला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. आंबलेल्या रसाचा व्हिनेगर होऊ नये, यासाठीच बहुतेक खटाटोप. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, म्हणून या सामानाचा इतिहास मुख्यतः हवेशी चाललेल्या भांडणाचा आहे.

ते भांडण फार जुनं आहे. इराणमधल्या हाजी फिरुझ टेपे इथे इसवी सनपूर्व 5400 ते 5000 या काळातल्या एका घराच्या स्वयंपाकघरात भिंतीलगत सहा मडकी सापडली, प्रत्येकी सुमारे 9 लिटरची. आत वाइनच्या खुणा होत्या, राळ होती आणि जवळच मातीची बुचं पडलेली. म्हणजे भांडं, बूच आणि टिकवण्याचं द्रव्य ही तिन्ही तेव्हाच एका घरात जमली होती. जॉर्जियातले अवशेष याहून जुने, साधारण इसवी सनपूर्व 6000 चे. तिथले क्वेव्री नावाचे रांजण जमिनीत पुरतात. जमिनीमुळे तापमान स्थिर राहतं, आणि रांजण मोठा असला की वाइनच्या मानाने हवेला लागणारा पृष्ठभाग कमी पडतो. घरगुती वाइनची खरी अडचण नेमकी इथेच आहे. माल थोडा असला की हवा त्याला लवकर गाठते. म्हणून एक गॅलनची, म्हणजे साडेचार लिटरची बरणी गळ्यापर्यंत भरून ठेवतात. चिंचोळा गळा दिसायला बरा म्हणून नसतो, तिथे हवेला जागा कमी मिळते म्हणून असतो.

पण आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे बूच घट्ट बसवलं तर भांडं फुटायची भीती. वायू बाहेर जावा आणि हवा आत येऊ नये, ही कोंडी एअरलॉकमधलं दोन बोटं पाणी सोडवतं. त्याचा वाकडा आकार पाहून अनेकांना फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरचा हंसमानी चंबू आठवतो, पण दोघांची युक्ती वेगळी. चंबूत हवा मोकळी आत येते, फक्त धूळ आणि तिच्यावरचे जंतू वळणात अडकतात. पाश्चरचं वाइनवरचं पुस्तक 1866 मध्ये आलं आणि वाइन बिघडते ती सूक्ष्मजीवांमुळे हे पक्कं झालं. भांडी निर्जंतुक करण्याचा आजचा आग्रह तिथून सुरू होतो. मला विचाराल तर सगळ्या सामानात सर्वांत महत्त्वाचं तेच, आणि नवशिके कंटाळा करतात तोही त्याचाच.

हायड्रोमीटर या भांडणात नाही, तो मोजमापाचा माणूस. फ्रान्सच्या आंत्वान बोमे यांनी 1768 मध्ये आपली मोजपट्टी मांडली, पुढे बालिंग आणि ब्रिक्स यांनी साखरेच्या प्रमाणावर बेतलेल्या पट्ट्या केल्या. त्याआधी रसाचा गोडवा बहुतेकांना जिभेवरच तोलावा लागे. आज 1.090 घनतेचा (पाण्याची 1 धरून) रस 0.995 पर्यंत उतरला की अल्कोहोल साधारण 12 टक्के झालं, असा हिशेब कुणीही करू शकतो.

बाटली आणि बूच यांची जोडी त्यामानाने उशिरा जमली. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्ट्यांमुळे काच मजबूत झाली, मग घट्ट बूच ठोकणं परवडू लागलं. ते काढायच्या स्क्रूचं पहिलं पेटंट मात्र 1795 चं, जरी स्क्रू त्याच्या बऱ्याच आधीपासून वापरात होते. 

विसाव्या शतकात या सामानाला स्वयंपाकघराचं माप मिळालं. जंतू मारायला जळत्या गंधकाची धुरी पिंपांना चालते, साडेचार लिटरच्या बरणीला ती द्यायची कशी? 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्पडेन गावच्या संशोधन केंद्रात फळं टिकवण्यासाठी सल्फाइटचा उपाय निघाला. तोच पुढे ‘कॅम्पडेन टॅबलेट’ झाला. त्याच सुमारास अमेरिकेत दारूबंदी होती (1920 ते 1933), पण घरी फळांचा रस करण्याची मुभा कायद्यानेच ठेवलेली. आटवलेल्या द्राक्षरसाच्या विटा विकल्या जात. त्या पाण्यात विरघळवून ठेवून देऊ नका, नाहीतर वाइन होईल, असा इशारा सोबत असे. इशारा कसला, कृतीच ती! ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग 1953 मध्ये उठलं आणि हा छंद तिथे जोरात पसरला.

प्लास्टिकची बादली यादीत सर्वांत नवी. ज्या पॉलिथिनच्या बादल्या आज वापरतात, त्याचा शोधच मुळी 1933 चा. धुवायला सोपी, हलकी, पण प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू झिरपतो. पहिल्या जोरदार आंबण्यात कार्बन डायऑक्साइडचा थर वर असतो तोवर ती चालते. जोर ओसरला की सायफनने, गाळ खालीच ठेवून, रस काचेच्या बरणीत घ्यायचा.