जुलैतलं तांबडं पाणी आणि शिमग्यातलं हिरवं पाणी

जुलैत धरणाचं पाणी दुधाच्या चहासारखं तांबडं झालं की गावात ओरड होते. दिवाळीपर्यंत गाळ बसतो, पाणी निवळतं, ओरडही थांबते. मग शिमग्याच्या सुमारास काठाने हिरवा थर धरतो आणि पुन्हा तेच ऐकू येतं, "पाणी गढूळ झालंय, तुरटी फिरवा." पण ही दुखणी दोन आहेत.

तांबडं पाणी म्हणजे माती. कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. उतारावर ऐन, किंजळ, करवंदीच्या जाळ्या असल्या की सर पानांवर फुटते, पालापाचोळ्यात मुरते आणि व्हाळ, म्हणजे ओढा, नितळ वाहतो. तोच उतार जेसीबीने सोलून काढला की मृगातच माती धरणाची वाट धरते. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि वरकस डोंगर आंबा-काजूने भरले. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे जंगल तोडून रबर उभं राहिलं. कलमं लावण्यात चूक नाही. तणनाशक मारून त्यांच्याखालची जमीन बोडकी ठेवणं मात्र मला मुळीच पटत नाही.

हिरवं पाणी म्हणजे खत. बागेतला युरिया, गोठ्याचं शेण, वाढत्या वस्तीचं सांडपाणी यांतल्या नत्राचं नायट्रेट होतं आणि ते विरघळून येतं, म्हणजे निवळशंख पाण्यातही ते असू शकतं. पुढे ऊन मिळालं की त्यावर सूक्ष्म शेवाळ पोसतं.

काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर ठेवा. जुलैतलं असेल तर सकाळी तळाशी तांबड्या गाळाचा थर दिसेल. हिरवं पाणी बहुधा हिरवंच राहतं, नाहीतर हिरवा थर वर तरंगतो. तुरटी माती बसवते, नायट्रेट काढत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटेल तसं नायट्रेट उलट घट्ट होतं.

तरीही दोघांचं नातं आहे, आणि तेच नजरेतून सुटतं. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, हेही शेवाळाचं खाद्य. ते पाण्यात फारसं मोकळं फिरत नाही, मातीच्या कणाला चिकटून येतं. जांभ्याच्या मातीत लोह भरपूर, त्यामुळे पकडही घट्ट. उन्हाळ्यात धरणाच्या तळाशी प्राणवायू संपला की ती पकड सुटते आणि स्फुरद पाण्यात उतरतं. जुलैत बसलेला गाळ असा मार्चमधल्या शेवाळाला पुरतो.

म्हणून पाणी निवळलं की काम संपलं असं धरू नये. व्हाळाच्या दोन्ही काठांना वाळ्याच्या गवताची दाट रांग माती अडवते, तिच्याबरोबर स्फुरदही. सांडपाण्याला शोषखड्डा हवाच, आणि धो धो पावसात खत टाकायचं नाही. तोवर काठाशी हिरवा साका दिसला तर गुरं तिथे पाण्यावर सोडू नका. काही नीलहरित शेवाळं विषारी असतात आणि ते विष उकळूनही जात नाही.